पोपडे तसेच का ठेवलेत?

गेल्या अंकात इंग्लंडमधल्या इंगल्शम नावाच्या खेड्यातल्या चर्चबद्दल मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळींवर आलेली पत्रं या वेळी बाकी सगळ्या विषयांना पुरून उरली. वाळवी, गळकी कौलं आणि वाड्याच्या वाटण्या पुढच्या महिन्यात. आज फक्त चर्च.

प्रश्न : ताई, माझी मुलगी स्विंडनला असते. तुमच्या चार ओळी वाचून तिने आम्हां दोघांना इंगल्शमला नेलं. खरं सांगू का, मी निराश झालो. भिंतींचे पोपडे निघालेत, एका अक्षरावर दुसरं अक्षर दिसतंय, बाकं वाकडी, फरशी खालीवर. आमच्या गावचं विठ्ठल मंदिर याहून लखलखीत आहे. इतका पैसेवाला देश, मग दुरुस्ती का करत नाहीत? (सेवानिवृत्त बँक अधिकारी, नाशिक)

उत्तर : काका, दुरुस्ती झालेली आहे, तीही अगदी नामांकित माणसांच्या देखरेखीखाली. ती तुम्हाला दिसली नाही, हेच तिचं यश.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझंही तोंड तुमच्यासारखंच झालं होतं. जवळच्या लेचलेड गावाच्या पुलावरून थेम्सच्या काठाने चालत गेले. नदी तिथे इतकी अरुंद की लंडनची थेम्स ती हीच, हे पटत नाही. गवत गुडघ्यापर्यंत, गाई, आणि मग झाडीआड एक ठेंगणी दगडी इमारत. मनोरा नाही, शिखर नाही, पश्चिमेच्या भिंतीवर घंटांपुरता एक दगडी कोनाडा. नाव सेंट जॉन द बाप्टिस्ट. आजूबाजूला दोन-चार घरं. मध्ययुगात इथे नांदतं गाव होतं, ते हळूहळू विरलं आणि चर्च मागे राहिलं.

आत गेलात की डाव्या-उजव्या हाताला जी भिंत आहे तिच्याजवळ, हातभर अंतरावर, पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. तुम्हाला जे पोपडे वाटले ती सहाशे वर्षांची चोपडी आहे. तळाशी तेराव्या शतकातला काव रंग, आपल्या तुळशीवृंदावनाच्या कावेसारखाच तांबूस. त्यावर नंतरच्या काळातली चित्रं. सोळाव्या शतकात इंग्लंडने पोपशी फारकत घेतली आणि १५४७ नंतर चर्चमधल्या मूर्ती, चित्रं हटवण्याचे हुकूम सुटले, तेव्हा चित्रांवर चुन्याची सफेदी फिरली. पांढऱ्या भिंतीवर मग इंग्रजीतली बायबलची वचनं आली. लोकांनी चित्र बघायचं नाही, वाचायचं, असा नवा कायदा. एलिझाबेथ राणीच्या काळात तर दहा आज्ञा लिहून लावण्याचा वेगळा हुकूमच निघाला. पुढे ती अक्षरं पुसट झाली, त्यांच्यावर पुन्हा सफेदी, पुन्हा नवी अक्षरं, नवी चौकट. काही ठिकाणी असे सात थर मोजलेत. एका नव्या अक्षराच्या पोटातून जुनं अक्षर डोकावतं, त्याच्या मागे कुणा चित्रकाराच्या कुंचल्याची तांबडी रेघ.

आता सांगा, यातला कुठला थर 'खरा'? तळातला हवा तर वरचे सहा खरवडा. म्हणजे सहा पिढ्यांची पूजा खरवडली. सगळ्यांवर नवा ऑइलपेंट मारला तर सातही गेले. म्हणून त्यांनी काय केलं, तर जे सुटत होतं ते पुन्हा चिकटवलं, कडा चुन्याने बंद केल्या आणि हात मागे घेतला. आपल्याकडे २०२२ मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप उतरवला तेव्हा आतलं मूळ रूप बघून लोक गहिवरले होते. तो निर्णय वेगळा, कारण शेंदराचा प्रत्येक थर म्हणजे शेंदूरच. इथे प्रत्येक थरावर मजकूर वेगळा आहे.

बाकं वाकडी आहेत, खरंय. ती पेटीसारखी, दारं असलेली बाकं सतराव्या-अठराव्या शतकातली. प्रत्येक घराण्याची आपली पेटी. थंडी वाजू नये म्हणून उंच लाकडी भिंती, आणि शेजारी कोण जांभई देतंय ते दिसू नये ही वरकड सोय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर ही बाकं जळणात गेली. इंगल्शमची वाचली, कारण ती फेकायलाही पैसे लागतात आणि इथे ते नव्हते.

एक गोष्ट तुमच्याकडून बघायची राहिली असणार, कारण पत्रात उल्लेख नाही. एक कोरीव दगड आहे. आई आणि मांडीवर मूल, दोघांच्या वर आभाळातून आलेला देवाचा हात. १०६६ मध्ये नॉर्मन लोक इंग्लंडमध्ये उतरण्याआधीचं, सॅक्सन काळचं हे काम. कोरीव म्हणून ते ओबडधोबड आहे, पण आईची मान ज्या पद्धतीने मुलाकडे वळलीय ती बघून मी तिथेच बसले. हा दगड पूर्वी बाहेर दक्षिणेच्या भिंतीत होता आणि कुणीतरी त्याचं चक्क सूर्यघड्याळ केलं होतं. त्याच्या खुणा अजून दगडावर आहेत. ऊन कुठवर आलं बघायचं आणि प्रार्थनेला घंटा द्यायची! आईच्या अंगावर काटा रोवून वेळ बघणाऱ्या त्या माणसाचा आधी राग आला, मग हसू. त्या खुणाही कुणी बुजवलेल्या नाहीत.

आता मुख्य. १८८८-८९ मध्ये या चर्चची दुरुस्ती झाली ती विल्यम मॉरिस या गृहस्थाच्या खटपटीने. फुलापानांच्या वॉलपेपरसाठी जग त्याला ओळखतं. तो तिथून जवळच, केल्मस्कॉट नावाच्या खेड्यात, १८७१ पासून घर भाड्याने घेऊन राहत असे. चर्चमध्ये एक छोटी पाटी आहे, तिच्यावर लिहिलंय की ही दुरुस्ती विल्यम मॉरिसच्या उत्साहाने आणि मदतीने झाली, आणि त्याचं या चर्चवर प्रेम होतं. देणगीचा आकडा नाही, हस्ते कोण नाही, कृपेने कोण नाही. मंदिरांच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं तुडवत मोठी झालेली मी, त्या पाटीपुढे जरा ओशाळले.

प्रश्न : नमस्कार. मी सिव्हिल इंजिनिअर. तुमचं म्हणणं मला पटत नाही. इमारत ज्या स्वरूपात मूळ बांधली त्या स्वरूपात परत आणणं, यालाच जीर्णोद्धार म्हणतात. तुम्ही ठिगळं लावण्याचा पुरस्कार करता. पोपडे ठेवण्यात कसलं शास्त्र आलंय? (सांगली)

उत्तर : तुमचं पत्र मला आवडलं, कारण १८४० साली इंग्लंडमधल्या हुशार, तरुण, देवभोळ्या मुलांचं हेच म्हणणं होतं. केंब्रिजमध्ये १८३९ मध्ये त्यांनी एक मंडळ काढलं. चर्च कसं असावं, खिडकी कशी, वेदी कशी, सगळ्याचे नियम. त्यांच्या मते चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची शैली सर्वांत शुद्ध. त्या आधीचं बाळबोध, त्या नंतरचं बिघडलेलं.

केंब्रिजमध्येच एक गोल चर्च आहे, बाराव्या शतकातलं. पंधराव्या शतकात त्या गोल भागावर घंटाघर चढवलं होतं. १८४१ मध्ये बांधकामाचा काही भाग कोसळला आणि मंडळाच्या हातात कोलीत मिळालं. वास्तुकार अँथनी साल्व्हिन यांनी ते घंटाघर उतरवलं आणि वर शंकूच्या आकाराचं नॉर्मन छप्पर बसवलं, मूळ असंच असणार या हिशेबाने. आज प्रवासी फोटो काढतात तो या १८४०च्या दशकातल्या 'बाराव्या शतकाचा'. चारशे वर्षं उभं असलेलं खरंखुरं घंटाघर गेलं आणि अंदाज राहिला. इंजिनिअरसाहेब, अंदाजपत्रक आपण दोघंही करतो, पण इमारतीच्या जागी अंदाज उभा करायचा?

मग ही साथ देशभर पसरली. चर्चच्या आतला गिलावा काढून दगड उघडे करायचे, कारण उघडा दगड 'प्रामाणिक'. वास्तविक त्या भिंती गोळा-धोंड्यांच्या. बांधणाऱ्या गवंड्याने गिलावा होणार म्हणूनच तशा सोडलेल्या. साडी नेसायच्या आधीच बाईचा फोटो काढावा तसला प्रकार! गिलाव्याबरोबर त्यावरची चित्रं गेली, ती किती आणि कसली होती याची नोंदही बहुतेक ठिकाणी नाही. पेटीबाकं गेली, जुन्या फरशीच्या जागी कारखान्यातल्या चकचकीत रंगीत फरशा आल्या, झिजलेलं कोरीवकाम तासून 'ताजं' केलं.

१८७६ मध्ये मॉरिस बर्फर्डला गेला होता. कॉट्सवोल्ड डोंगरातलं हे लोकरीच्या व्यापारावर गबर झालेलं गाव. तिथल्या पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, असंच काम चाललेलं बघून तो पाद्र्याशी बोलायला गेला. पाद्र्याने सुनावलं म्हणतात, "चर्च माझं आहे महाशय, मनात आलं तर मी इथे खाली डोकं वर पाय करून उभा राहीन." आपल्या भागातले दोन-तीन विश्वस्त डोळ्यांपुढे आले का? माझ्या आले.

आणि त्याच चर्चमध्ये, त्या पाद्र्याला बहुधा कचरा वाटली असती अशी एक गोष्ट आहे. यादवी युद्धाच्या दिवसांत, १६४९ च्या मे महिन्यात, संसदेच्या फौजेचा सेनानी क्रॉमवेल याने आपल्याच सैन्यातल्या बंडखोरांना, म्हणजे 'लेव्हेलर्स'ना, तीनशेहून अधिक जणांना या चर्चमध्ये कोंडलं. तिघांना बाहेर अंगणात गोळ्या घातल्या. कोंडलेल्यांपैकी अँथनी सेडली नावाच्या शिपायाने बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या शिशाच्या अस्तरावर आपलं नाव, साल आणि 'कैदी' हा शब्द कोरून ठेवला, त्या काळच्या वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये. 'मूळ स्वरूपात' आणायचं म्हटलं तर हे अस्तर बदलावं लागेल, नाही का? मूळ कुंडावर सेडली नव्हता.

मॉरिस घरी आला आणि धुमसत राहिला. पुढच्या वर्षी, मार्च १८७७ मध्ये, ट्यूक्सबरीच्या चर्चचं काम निघाल्याची बातमी त्याच्या वाचनात आली. ट्यूक्सबरी म्हणजे मुळात मठ. मठ खालसा झाले तेव्हा गावकऱ्यांनी राजाला ४५३ पौंड मोजून तो विकत घेतला आणि आपलं पॅरिश चर्च केलं. किंमत ठरली ती छपरावरच्या शिशाची आणि घंटांची. तर मॉरिसने 'अथेनिअम' साप्ताहिकाला खरमरीत पत्र लिहिलं आणि महिना संपायच्या आत जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था उभी राहिली. तिचं टोपणनाव पडलं 'अँटी-स्क्रेप'. आपण 'खरवडबंदी मंडळ' म्हणू. ती अजून चालू आहे.

ट्यूक्सबरीचं काम होतं सर गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे. मुंबईचा माणूस या नावाला रोज सलाम करतो, ठाऊक नसताना. ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे याच स्कॉट यांचे, आणि ते मुंबईत कधी आले नाहीत. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, त्याच वर्षी स्कॉट वारले. म्हणजे इकडे मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या पैशातून स्कॉट यांचं नवं गॉथिक (टोकदार कमानींची मध्ययुगीन धाटणी) चढत होतं आणि तिकडे त्यांनी खऱ्या गॉथिकला हात लावू नये म्हणून बोंब उठली होती. नवं बांधताना हा माणूस थोर, यात मला शंका नाही. राजाबाईच्या जिन्याजवळ उभी राहिले की मी त्यांना सगळं माफ करते. आणखी गंमत म्हणजे इंगल्शमची दुरुस्ती ज्याने केली तो जे. टी. मिकलथ्वेट स्कॉट यांच्याच कचेरीत शिकलेला. त्याने इंगल्शमला काय केलं ते ओळखण्याचा प्रयत्न मी अर्धा दिवस केला. छप्पर सावरलंय, भिंतींना आधार दिलाय, पाणी बाहेर काढलंय. सही कुठेच नाही.

शास्त्र कसलं, विचारलंत ना? त्या खरवडबंदी मंडळाच्या जाहीरनाम्याचं सार एका ओळीत : रोज लक्ष ठेवा, छप्पर गळतंय ते बंद करा, भिंत कलली तर टेकू द्या, आणि टेकू हा टेकूच दिसू द्या. या विचारातून पुढे एक पद्धत आली. दगडाचा एखादा तुकडा झडला तर तिथे नकली जुना दगड बसवायचा नाही. भाजलेल्या मातीच्या पातळ चिपा चुन्यात आडव्या रचून खड्डा भरायचा. लांबून भिंत एकसंध, जवळून बघणाऱ्याला स्पष्ट कळतं की हे नंतरचं. ठिगळच आहे ते. पण आजीच्या गोधडीतलं ठिगळ कुठलं हे सांगता येतं, म्हणून तर ती आजीची.

प्रश्न : चर्च किती जुनं हे कमानीवरून ओळखता येतं म्हणतात. सोपी खूण सांगाल? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : सांगते, पण विश्वास अर्धाच ठेव. अर्धगोल कमान, जाडजूड खांब, नागमोडी नक्षी : नॉर्मन, म्हणजे १०६६ पासून साधारण बाराव्या शतकाच्या अखेरपर्यंत. टोकदार कमान आणि भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद खिडक्या : तेरावं शतक. खिडकीच्या माथ्यावर दगडाची वळणदार जाळी, जाई-जुईच्या वेलीसारखी : चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध. मग १३४८-४९ ची प्लेगची साथ. त्यानंतरच्या खिडक्या मोठ्या, दगडी उभे गज सरळ वरपर्यंत, कमान चपटी होत गेलेली. ही चार गटांची वर्गवारी थॉमस रिकमन याने १८१७ मध्ये रूढ केली.

अर्धा विश्वास का? एकतर गावचं चर्च एका दमात बांधलेलं नसतंच. लोकर विकली गेली की खिडकी मोठी केली, कुणी श्रीमंत मेला की बाजूला दालन काढलं. इंगल्शमसारख्या पिटुकल्या चर्चमध्येही सॅक्सन दगड, तेराव्या शतकातला मुख्य भाग आणि वर पंधराव्या शतकातल्या उजेडाच्या खिडक्या आहेत. दुसरं, एकोणिसाव्या शतकातले नकलाकार फार सराईत होते. तेव्हा नुसतं बघू नकोस, कडेवरून बोट फिरव. आठशे वर्षांच्या दगडाची कड वापरलेल्या साबणासारखी लागते. सगळ्या कडा सारख्या, सगळ्या टाकीच्या खुणा एका मापाच्या असतील तर समज, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला पाथरवट इथे येऊन गेलाय.

प्रश्न : तिथे चर्चच्या दुरुस्तीचा खर्च कोण करतं? सरकार? (ग्रामपंचायत सदस्य, जिल्हा रत्नागिरी)

उत्तर : बहुतेक गावकरीच. जुना रिवाज मजेदार होता. वेदीचा भाग, म्हणजे आपला गाभारा म्हणा, त्याची देखभाल चर्चचं उत्पन्न खाणाऱ्याने करायची, आणि लोक जिथे बसतात तो सभामंडप गावाने सांभाळायचा. गावावर त्यासाठी सक्तीची पट्टी असे. ती सक्ती १८६८ मध्ये उठली. तेव्हापासून जत्रा, केक, लॉटरी, देणग्या, आणि मिळेल तिथून अनुदान.

मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. १९५५ पासूनच्या नियमानुसार इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिश चर्चची दर पाच वर्षांनी जाणकार वास्तुकाराकडून तपासणी होते. तो गटारी, पन्हाळी, छपराचं शिसं बघतो आणि यादी देतो : हे लगेच, हे वर्षभरात, हे पाच वर्षांत. अंगणातला एखादा दगड हलवायचा तरी धर्मप्रांताची लेखी परवानगी लागते. आणि जिथे भाविकच उरले नाहीत अशी साडेतीनशेहून जास्त चर्चेस एक न्यास सांभाळतो, १९६९ मध्ये निघालेला. इंगल्शम आता त्याच्याकडे आहे.

आपल्या सदस्यत्वाच्या काळात एकच करा : गावच्या देवळाची पावसाळ्याआधी पाहणी, दरवर्षी, वहीत लिहून. पिंपळाचं रोप बोटभर असताना उपटायला पैसे लागत नाहीत.

प्रश्न : आमच्या गावातल्या देवळाचं शिखर विटा-चुन्याचं, मराठेशाहीतलं. ट्रस्टने सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट असं ठरवलंय. कंत्राटदार म्हणतो शंभर वर्षं बघायला नको. (शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : बाई, थांबवा. हात जोडून सांगते.

हे सांगण्याचा हक्क मला चुकीतून मिळालाय. नव्वदच्या दशकात, डिग्रीची शाई ओली असताना, तुमच्याच जिल्ह्यातल्या एका देवळाच्या शिखराचं काम माझ्याकडे आलं. भक्तांनी पैसे जमवलेले, यात्रा तोंडावर. मी सिमेंटला सही दिली. कामावर एक म्हातारा गवंडी होता, त्याच्या आजाच्या काळची चुन्याची घाणी गावात अजून पडलेली. तो म्हणाला, "बाई, ह्याला घाम येतो. रेनकोट घालू नका." मी हसले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर सिमेंटचे तक्तेच्या तक्ते सुटून आले, आणि येताना शिखरावरच्या चुन्यातल्या मूर्तींची नाकं, बोटं, मुकुट चिकटवून घेऊन आले. एक द्वारपाल तर पूर्ण सपाट झाला. माझ्याकडे त्याचा आधीचा फोटो आहे. तो मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलाय.

म्हातारा म्हणाला ते असं. जुन्या भिंतीत पाणी जातंच, जमिनीतून वर चढतं, पावसातून आत शिरतं. चुना सच्छिद्र आणि मऊ. पाणी त्याच्यातून बाहेर येतं, वाळतं, आणि बरोबर आलेला क्षार चुन्याच्याच पृष्ठावर साचतो. पाच-पंचवीस वर्षांनी चुना झडतो, तो पुन्हा लावायचा. झडण्यासाठीच तो असतो. सिमेंट कडक आणि बंद. पाण्याला तिथून वाट मिळत नाही, मग ते विटेतून किंवा दगडातून वाट काढतं. क्षार दगडाच्या आत फुगतो, थंड देशात वर बर्फही फुगतो, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. इंग्लंडमध्ये मी अशा भिंती बघितल्यात जिथे दगड आत झिजून गेलेत आणि दरजांमधलं सिमेंट मधमाशांच्या पोळ्याच्या जाळीसारखं एकटंच पुढे आलंय. दरजा भरणाऱ्याला नक्कीच कुणीतरी म्हटलं असेल, शंभर वर्षं बघायला नको.

ट्रस्टला सांगा : आधी शिखरावरून पाणी कुठे जातं ते बघा. झाडोरा मुळासकट काढा, पण ओढून नाही, कापून आणि मुळं सुकू देऊन. भेगा चुन्याने भरा, सुरकी (विटांची पूड) घालून. चुना महिनाभर तरी भिजवलेला हवा, घाईचा नको. लावल्यावर गोणपाटाने ओला ठेवा. रंग चुन्याचाच. आणि काम सुरू करायच्या आधी प्रत्येक मूर्तीचा फोटो, चारही बाजूंनी. चुना मळणारा गवंडी मिळत नसेल तर मला कळवा. भोर, वाईकडे अजून आहेत, फक्त त्यांना बोलावत कुणी नाही.

कंत्राटदाराचा हिशेब चुना महाग असं दाखवेल. त्यात खोटं नाही. त्याला म्हणावं, सिमेंट उतरवण्याचा खर्चही त्याच कागदावर लिही.

प्रश्न : उन्हाळ्यात मुलाकडे ऑक्सफर्डला जातेय. इंगल्शम कसं गाठायचं? आणखी काय बघू? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : लेचलेडपर्यंत गाडीने किंवा स्विंडनहून बसने जा. रविवारच्या बसचं आधी विचारून घ्या. पुलापासून नदीकाठची पायवाट धरा, प्रवाहाच्या उलट दिशेने, वीस-पंचवीस मिनिटं. पाऊस पडून गेला असेल तर चपला नकोत, बूट. भरपूर उजेडाच्या वेळी जा. सकाळचं तिरपं ऊन भिंतीवरून सरकतं तेव्हा खालचे थर वर येतात.

हातात दिवस असेल तर फेअरफर्ड जवळच आहे. तिथल्या चर्चमध्ये मध्ययुगातल्या रंगीत काचांच्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खिडक्या शाबूत आहेत. इंग्लंडमधल्या पॅरिश चर्चेसमध्ये एवढा एकच पूर्ण संच. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीत नरकातले सैतान शोधा, मुलं असतील तर त्यांना शोधायला लावा.

आणि परतताना केल्मस्कॉट. मॉरिस १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये वारला. लेचलेडच्या स्टेशनवरून त्याची शवपेटी एका शेतकऱ्याच्या गाडीवर, डहाळ्यांनी सजवून, पावसातून केल्मस्कॉटला आणली. चर्चच्या आवारात दक्षिणेला त्याची कबर आहे. मित्र फिलिप वेब याने आखलेली. उभा दगड नाही, क्रूस नाही. दोन आधारांवर एक लांबट दगड, घराच्या पाख्यासारखा दोन्ही बाजूंना उतरता. मी गेले तेव्हा नुकती सर येऊन गेली होती. बाकीच्या थडग्यांवर पाणी साचलेलं, याच्यावर एक थेंब नाही. शोधायला थोडा वेळ लागतो, गवत वाढलेलं असतं. आणि हो, इंगल्शममधून निघताना दार नीट ओढून घ्या, पाकोळ्या आत शिरतात.